घरात जर्मन ओमा असेल तर तिचं आयुष्य कसं जमवायचं

सगळ्यात आधी ॲन्सेस्ट्रीचं, म्हणजे त्या वंशावळ शोधायच्या साइटचं, अकाउंट उघडू नका. म्हणजे उघडा, पण नंतर. इकडे अमेरिकेत लग्न होऊन आलेल्या आपल्या मराठी मंडळींमधे मी हे बऱ्याचदा बघते, नवऱ्याची किंवा बायकोची आजी जर्मनीहून आलेली असते, सगळे तिला ओमा म्हणतात, आणि आपल्याला अचानक वाटतं की मुलांसाठी हे सगळं लिहून ठेवायला पाहिजे, की लगेच क्रेडिट कार्ड काढून साइटवर वंशवृक्ष बनवायला बसतो. मग नावं मिळतात, तारखा मिळतात, सोळाशे अमुकपर्यंत जाता येतं, आणि ओमा सकाळी काय खायची ते कोणालाच माहीत नसतं.

माझी आजेसासू ब्रेस्लाऊची, आज ते शहर पोलंडमधे आहे. जन्म 1931 चा, जानेवारी 1945 मधे आईबरोबर शहर सोडलं, पुढची काही वर्षं बव्हेरियात, आणि 1952 ला ब्रेमरहाफेनहून जहाजाने अमेरिका. आता ती नाही, पण तिच्या मुली आहेत, म्हणजे माझ्या सासूबाई आणि मावससासूबाई, आणि जे काही जमलं ते बरंचसं त्या दोघींमुळे जमलं. माझी पद्धत अगदी साधी आहे, आधी माणसाशी बोलायचं, मग कागद शोधायचा, आणि कागद मिळाला की तो घेऊन परत त्याच माणसाकडे जायचं. ही तिसरी पायरी लोक गाळतात आणि खरं सगळं तिथेच असतं.

तर पहिली पायरी. ओमा हयात असेल तर आजच फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून बसा, तिला विचारून अर्थात, लपूनछपून नाही. कॅमेरा नको, कॅमेरा दिसला की बायका केस नीट करतात आणि भाषण देतात. "ओमा तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" असं तर अजिबात विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं, "काय सांगायचं, सगळ्यांचं होतं तसंच." त्यापेक्षा तिच्यासमोर कोरा कागद ठेवा आणि म्हणा, तुमच्या घराचा नकाशा काढ. दार कुठे, चूल कुठे, कोण कुठे झोपायचं, संडास जिन्यात होता का, कोळसा कुठे ठेवायचे. हात चालायला लागला की तोंडही चालतं. शाळेत जायचा रस्ता काढायला सांगा. पहिल्या दिवशी शाळेत जाताना जर्मन पोरांना खाऊने भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात, शुल्ट्युटं म्हणतात त्याला, तो मिळाला होता का, आत काय होतं, हे विचारा. ख्रिसमस 24 च्या संध्याकाळी कसा व्हायचा ते विचारा, तिकडे भेटवस्तू 24 लाच उघडतात, आणि त्या कोण आणतं, क्रिस्टकिंड (बाळ येशू) की वाइनाख्ट्समान (ख्रिसमसचा म्हातारा), यावरूनसुद्धा ती कुठल्या भागातली आणि घर कॅथलिक होतं की प्रोटेस्टंट याचा अंदाज येतो.

तारीख चुकली तर दुरुस्त करायची नाही. मधे थांबली तर आपण वाक्य पुरं करायचं नाही. आणि ती जर मधेच जर्मनवर गेली, त्यातही तिच्या गावाकडच्या बोलीवर, प्लाटवर किंवा श्वेबिशवर, तर जाऊ द्या, आपल्याला एक अक्षर कळत नसलं तरी. अनुवाद नंतर कोणीही करून देईल, पण बोली परत मिळत नाही, विशेषतः सिलेशियासारख्या (ब्रेस्लाऊ ज्यात येतं तो) भागातली, जिथली बोलणारी माणसंच 1945 नंतर इकडेतिकडे पांगली.

ओमा नसेल तर तिच्या मुली, बहिणी, चर्चमधल्या मैत्रिणी, दुपारी कॉफी-केकला जमणारा ग्रुप. इथे सुनांचा उपयोग होतो हे माझं प्रामाणिक मत आहे. सख्ख्या नातवाला लोक सांगत नाहीत किंवा तो विचारत नाही, आपण बाहेरून आलेलो, आपल्याला कशाचीच माहिती नाही असं सगळे धरून चालतात, त्यामुळे "हे काय असतं?" असं अगदी बेसिक विचारलं तरी कोणाला राग येत नाही.

मग घरातल्या वस्तू. जर्मन घरात काही ठराविक गोष्टी असतातच, त्या नावानिशी मागा. एक फामिलिएनश्टामबुख, म्हणजे लग्नाच्या वेळी रजिस्ट्रार देतो ते पुस्तक, त्यात लग्न, मुलं, मृत्यू अशा नोंदी. दुसरं पोएझीआल्बुम, शाळकरी मुलींची वही ज्यात मैत्रिणी, बाई, नातेवाईक चार ओळी आणि एखादं रंगीत चित्र चिकटवून द्यायचे, यात नावं, गावं आणि तारखा मिळतात आणि बहुतेकांना ती फालतू वाटते म्हणून टाकून देतात. तिसरा आननपास, हा जरा अंगावर काटा आणणारा प्रकार, नाझी काळात "आर्य" असल्याचं सिद्ध करायला आजी-पणजीपर्यंतचे जन्म-लग्नाचे दाखले त्यात शिक्क्यांसकट भरावे लागायचे. वंशावळीसाठी त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही, आणि ती कशासाठी बनली होती हे पण त्याच्या शेजारी लिहून ठेवायचं, नुसता डेटा उचलायचा नाही.

फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा आणि मागची बाजू पण करा, प्रत्येकाची, कोरी वाटली तरी. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, गाव आणि रस्ता असतो. जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा, कोणाच्या शेजारी कोण लावलंय ती पण माहितीच आहे. फोटोच्या मागे बॉलपेनने नावं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा.

पत्रं मिळाली तर पहिल्यांदा धक्का बसतो, कारण जर्मन येणाऱ्यालाही ती वाचता येत नाहीत. जुनं हस्ताक्षर कुरेंट नावाच्या लिपीत असायचं, आणि शाळेत 1915 पासून हळूहळू तिचंच सोपं रूप, स्युटरलिन, शिकवायला लागले, ते 1941 ला नाझी सरकारने बंद केलं. आपल्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद ट्रंकेत पडून असतात आणि घरात कोणालाच वाचता येत नाहीत, अगदी तसंच. यातला e आजच्या n सारखा दिसतो आणि u च्या डोक्यावर छोटी वाटी असते, एवढं कळलं तरी नावं ओळखता यायला लागतात. ट्रान्सक्रिबुस नावाचं टूल आहे, फोटो टाकला की बरंचसं वाचून देतं, चुका करतं पण सुरुवात होते. हांबुर्गमधे स्युटरलिनश्टुबं नावाचा ज्येष्ठ मंडळींचा गट आहे, ते लोकांची जुनी पत्रं वाचून आजच्या लिपीत उतरवून देतात. मशीनपेक्षा मला माणसाने वाचलेलं जास्त भरवशाचं वाटतं, कारण "इथे शाई पुसलीय" हे माणूस सांगतो.

आता कागद. ओमा कधी आली यावर सगळं अवलंबून आहे, त्यामुळे आधी ते ठरवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर आली असेल तर साधारण तीन वाटा. एक, अमेरिकन सैनिकाशी लग्न, त्यातही डिसेंबर 1946 पर्यंत सैनिकांना जर्मन मुलींशी लग्न करायला बंदीच होती, त्यामुळे तारीख बघितली की किती वाट बघावी लागली असेल ते कळतं. दोन, पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन, आजच्या पोलंड, चेक, हंगेरी वगैरे भागातले, हे सगळे मिळून 1 कोटी 20 लाखाच्या आसपास लोक होते, आणि 1948 चा डिस्प्लेस्ड पर्सन्स (डीपी, म्हणजे विस्थापित लोक) ॲक्ट 1950 मधे बदलल्यावर त्यातल्या काहींना अमेरिकेचा व्हिसा मिळायला लागला. आमची ओमा यातली. तीन, काका-मामाने स्पॉन्सर केलं, 1950 च्या दशकात हे खूप झालं.

जहाजातल्या प्रवाशांची यादी एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्क बंदरातलं जुनं इमिग्रेशन ठाणं) साइटवर फुकट बघता येते, नाव एलिस आयलंड असलं तरी त्यात न्यूयॉर्क बंदरातल्या 1957 पर्यंतच्या याद्या आहेत. डीपी लोकांना आणणारी बरीच जहाजं म्हणजे सैन्याची जुनी ट्रूपशिप्स, नावं "जनरल" ने सुरू होणारी, त्यात बायका-मुलं एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे झोपायचे. ही यादी नुसती सेव्ह करून फोल्डरमधे टाकू नका. प्रिंट काढा, मोठ्या अक्षरात, आणि मावशीकडे न्या. आम्ही नेली तेव्हा मावससासूबाईंनी ओमाचं नाव बघून मान डोलावली आणि तिच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, अरे ही तर मिलवॉकीची आमची "टांटं", म्हणजे जिला त्या आयुष्यभर सख्खी आत्या समजत होत्या ती बाई ओमाला जहाजावर भेटलेली होती. आता हे कुठल्या साइटवर मिळणार?

दुसरा भारी कागद म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, साधारण पाच वर्षांनी केलेला. त्यात आगमनाची तारीख, पत्ता, काम, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. सगळे वरचं वाचतात, तुम्ही खालचं वाचा. परक्या देशात पाच वर्षांत कोणाला सांगता आलं असेल की माझ्यासाठी कोर्टात ये आणि मी चांगली बाई आहे अशी शपथ घे? मालक, शेजारी, पाद्री, कोण होते ते? हा प्रश्न घेऊन परत घरी. हे अर्ज कोर्टाप्रमाणे नॅशनल अर्काइव्हजमधे किंवा राज्याच्या अर्काइव्हमधे असतात. इमिग्रेशन खात्याचा जिनीऑलॉजी प्रोग्रॅम पण आहे, फी भरावी लागते, पण जुन्या फाइलमधे कधी फोटो, जन्मदाखला, पोलिसांचा दाखला असं सगळं एकत्र मिळतं. नवीन फाइल असेल तर एफओआयएखाली, म्हणजे तिकडच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, अर्ज करायचा.

ओमा नाही, ओमाची आई किंवा आजी आली असेल, म्हणजे 1920 च्या आधी, तर खेळ वेगळा. हांबुर्ग बंदरातून निघालेल्या प्रवाशांच्या याद्या 1850 ते 1934 च्या बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि त्यात शेवटचं राहण्याचं गाव असतं, हे सोनं आहे. ब्रेमनच्या याद्या मात्र बहुतेक गेल्या, 1920 ते 1939 च्या उरल्यात. 1907 नंतरच्या अमेरिकन यादीत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता, कोणाकडे चाललीय, उंची, केसांचा रंग, सगळं. 1922 पर्यंत बायकोचं नागरिकत्व नवऱ्यामागून यायचं त्यामुळे तिच्या नावाची फाइल शोधत बसू नका, नवऱ्याची शोधा. आणि "एलिस आयलंडला अधिकाऱ्याने नाव बदललं" ही कथा प्रत्येक घरात असते, तसं व्हायचं नाही, ते लोक जहाजावरून आलेल्या यादीवरच टिक करायचे, नाव नंतर आपणच बदललेलं असतं, बऱ्याचदा पहिल्या महायुद्धाच्या वेळी जेव्हा जर्मन असणं महागात पडत होतं. 1918 मधे तर नागरिक न झालेल्या जर्मन बायकांना "शत्रू देशाच्या" म्हणून नोंदणी करावी लागली होती, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन, जर्मन माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकेत जन्मलेल्या बायकांनासुद्धा.

अमेरिकेच्या जनगणनेत एक रकाना जरूर बघा, 1900 आणि 1910 च्या. बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत. नऊ आणि पाच असं दिसलं की मग घरच्या फोटोतल्या चेहऱ्यांकडे वेगळं बघितलं जातं. हे विचारताना मात्र जरा जपून, जेवणाच्या टेबलावर नको.

जर्मनीतल्या बाजूला नियम असा की सिव्हिल रजिस्ट्रेशन पूर्ण देशात 1876 पासून, त्याआधी चर्चची पुस्तकं. जन्माची नोंद 110 वर्षं, लग्नाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षं श्टांडेसआम्टकडे म्हणजे रजिस्ट्रार ऑफिसकडे, नंतर ती अर्काइव्हमधे जाते आणि कोणालाही बघता येते. पण थेट वंशज असाल तर आधीही मिळते, म्हणून अर्ज नवऱ्याच्या नावाने करा, सुनेच्या नावाने नाही. चर्चची पुस्तकं ऑनलाइन, कॅथलिक बहुतेक मात्रिकुला या साइटवर फुकट, प्रोटेस्टंट आर्खिऑन या साइटवर पैसे भरून. एकाच नावाची दहा-दहा गावं असतात, त्यामुळे आधी मायर्सच्या 1912 च्या गॅझेटियरमधे, म्हणजे गावांच्या कोशात, गाव बघा, तो नकाशासकट ऑनलाइन आहे आणि कुठलं चर्च, कुठलं रजिस्ट्रार ऑफिस ते पण सांगतो.

पूर्वेकडची ओमा असेल तर गाव आज पोलंडमधे आणि नाव वेगळं. ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ झालं, श्टेटिनचं श्चेचिन, डान्झिगचं ग्दान्स्क. यात माझे दोन आवडते कागद आहेत. एक जुनी अॅड्रेस बुकं. घरमालकाचं किंवा कर्त्या माणसाचं नाव, धंदा, रस्ता आणि चक्क मजला. ओमाचे वडील तिसऱ्या मजल्यावर राहायचे एवढं कळलं, आणि मग सासूबाईंना विचारलं की तळघरातून कोळसा कोण वर आणायचं, तर त्यावरून अख्खी दुपार निघाली, मोठा भाऊ, त्याचा लंगडा पाय, बादली, जिन्यातली शेजारीण. दुसरा कागद बायरॉइटला. हाकलले गेलेल्या लोकांना नुकसानभरपाई द्यायचा कायदा पश्चिम जर्मनीत 1952 ला आला, त्याच्या फाइली बुंडेसआर्खिवच्या (जर्मनीचं राष्ट्रीय अर्काइव्ह) बायरॉइट शाखेत आहेत, आणि त्यात लोकांनी काय गमावलं त्याची तपशीलवार माहिती दिलेली असते, घर, जमीन, दुकान, फर्निचर. ओमा तोपर्यंत अमेरिकेत गेली असेल तरी तिची आई किंवा भाऊ मागे राहिले असतील तर त्यांच्या नावाने शोधा.

युद्धात गेलेला भाऊ असेल तर फोल्क्सबुंडच्या साइटवर सैनिकांच्या कबरी शोधता येतात. डीपी कॅम्प, वेठबिगारी, छळछावणी यातला काही संबंध असेल तर आरोल्सन अर्काइव्हज, फुकट आणि बरंचसं ऑनलाइन. आणि साध्या आजोबा-पणजोबांची कबर बघायला म्हणून तिकीट काढून जर्मनीला जाणार असाल तर आधी चौकशी करा, तिकडे कबरीची जागा भाड्याने असते, साधारण 20-30 वर्षांची, पुढे पैसे भरले नाहीत तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात.

आता जे सगळे टाळतात ते. 1933 ते 1945. माझं मत स्पष्ट आहे, ही वर्षं गाळून लिहिणार असाल तर लिहूच नका. ओमाला नायिकाही करायचं नाही आणि आरोपीही नाही, आधी तिचं वय काढा. 1931 चा जन्म म्हणजे हिटलर आला तेव्हा दोन वर्षांची, युद्ध संपलं तेव्हा चौदाची. 1939 पासून दहाव्या वर्षापासूनची नाझी युवा संघटना सक्तीची होती, म्हणजे ती युंगमेडेलमधे, त्या संघटनेच्या लहान मुलींच्या शाखेत, असणारच, "होतीस का?" असं विचारून तिला खोटं बोलायला लावू नका, "तुमच्या गटात कोण कोण होतं, कुठली गाणी होती, आवडायचं का?" असं विचारा. आवडायचं असं उत्तर येऊ शकतं. ते लिहा. शेजारचं ज्यू कुटुंब कधी दिसेनासं झालं, त्यांच्या घरात नंतर कोण राहायला आलं, हे पण विचारा, ब्रेस्लाऊत ज्यू वस्ती जर्मनीतल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक होती. तिच्या आईवडिलांचं वय मोठं, त्यांच्यासाठी बुंडेसआर्खिवच्या बर्लिन शाखेत नाझी पक्षाच्या सभासदांची कार्डं आहेत, नाव देऊन विचारणा करता येते. उत्तर हो आलं तर घरात काय होईल याचा विचार आधी करून ठेवा, आणि सगळ्या भावंडांना विचारून मगच अर्ज करा. आमच्याकडे यावरून कडाक्याचं वाजलं, एक मामेसासरे अजून नीट बोलत नाहीत, पण अर्ज केला.

आणि तिचं दुःखही तेवढंच खरं असतं. ब्रेस्लाऊ 1944 मधेच "किल्ला" जाहीर केलेलं होतं, आणि जानेवारी 1945 ला बायका-मुलांना कडाक्याच्या थंडीत चालत बाहेर काढलं, वाटेत कितीतरी लहान मुलं गारठून गेली. ओमा यातून चालत गेली आणि त्याबद्दल तिने आयुष्यात मोजून चार वाक्यं सांगितली. चारच लिहा. आपण बर्फ, वारा, रडणं घालून त्याचा सिनेमा करायचा नाही.

स्वयंपाकघराशिवाय हे पूर्ण होत नाही. ख्रिसमसला ओमा मोनक्लीस्ला करायची, दुधात भिजवलेला पाव, वाटलेली खसखस, बेदाणे, बदाम, थरावर थर, सिलेशियातला पदार्थ. रेसिपी मागताना "किती" पेक्षा "कशात" विचारा, कुठल्या भांड्यात, कुठल्या कपाने, कारण ओमा लोकांचं माप ग्रॅममधे सुरू होतं आणि अमेरिकेत आल्यावर कुठल्यातरी कॉफीच्या कपात येऊन थांबतं. त्या कपाचा फोटो काढा, पाण्याने भरून मोजा. आणि आपल्या इंडियन स्टोअरमधली पांढरी खसखस यात चालत नाही, निळी-काळी लागते, ती पण दळलेली, नुसती टाकली तर कडकड लागते आणि रंगही येत नाही.

शेवटी हे सगळं कशात ठेवायचं. मोठं पुस्तक छापायच्या भानगडीत पडू नका, ते कधीच पूर्ण होत नाही. प्रत्येक कागदामागे एक पान करा, वर कागदाचा फोटो, खाली तो कुठून आला, आणि त्याच्याखाली तो बघून कोण काय म्हणालं, नाव आणि तारखेसकट. दोघी बहिणींनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. रेकॉर्डिंगच्या फाइलला "ओमा फायनल 2" असलं नाव न देता तारीख, कोण बोलतंय, कशाबद्दल असं द्या आणि एक कॉपी दुसऱ्याच्या घरी ठेवा. बायरॉइट आणि बर्लिनचे अर्ज मात्र आत्ताच पाठवून द्या, उत्तर यायला महिने लागतात, तोपर्यंत मावशीकडचे अल्बम स्कॅन करून होतात.